हरितगृह परिणाम : एका नावाची कुळकथा

ज्या शब्दाचा संचार आज शाळेच्या क्रमिक पुस्तकापासून मंत्रालयाच्या दफ्तरापर्यंत सर्वत्र आहे, त्या 'हरितगृह परिणाम' या शब्दाचे कूळ शोधीत मागे गेले, म्हणजे आपण अखेर एका लाकडी पेटीपाशी येऊन ठेपतो. जिनिव्हाच्या सोस्यूर या गिरिप्रेमी पंडिताने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पेटी आतून काळ्या बुचाने मढवली, तिच्यावर काचेची तावदाने एकामागे एक बसवली, आणि ती उन्हात ठेवून आतला उष्णतामापक कोठवर चढतो ते पाहिले. आल्प्सच्या थंडगार माथ्यावर नेली तरी तिची ऊब फारशी उणावत नाही, हेही त्याच्या ध्यानात आले.

१८२४ साली पृथ्वीच्या उष्णतेचा हिशेब मांडताना फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये याने नेमकी हीच पेटी दाखल्यास घेतली. सूर्याचा प्रकाश वातावरणातून सुखेनैव आत येतो, परंतु जमिनीवर पडून त्याची अदृश्य उष्णता झाली की तिला परतीची वाट तितकी सुलभ राहत नाही. येताना मुभा आणि जाताना मज्जाव, असा हा व्यवहार त्याने ओळखला. पेटीतली हवा कोंडलेली असते, वातावरणातली वाहती, हा भेदही त्याने तेथेच नमूद केला होता, आणि पुढे नामकरण करणाऱ्यांनी तो मनावर घेतला असता तर पुष्कळ घोटाळा टळता, असे मला वाटते.

मज्जाव करणारा कोण, याची पहिली चाहूल लागली ती अमेरिकेतील युनिस फूट या बाईंना. चार इंच व्यासाची आणि तीस इंच लांबीची दोन काचेची नळकांडी, त्यांत उष्णतामापक आणि एक हवा काढण्याचा पंप, एवढ्याच सामग्रीवर त्यांनी दाखवून दिले की कर्बद्विप्राणिल वायू भरलेले नळकांडे उन्हात १२५ अंश फॅरनहाइटपर्यंत तापते आणि सावलीत आणल्यावर निवण्यास कितीतरी अधिक वेळ घेते. अशा वायूचे वातावरण पृथ्वीला तप्त करील, हेही त्यांनी लिहून ठेवले. १८५६ साली ऑल्बनीच्या विद्वत्सभेत हे टिपण जोसेफ हेन्री यांनी वाचून दाखवले, आणि मग ते शतकाहून अधिक काळ विस्मृतीत पडून राहिले, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

तथापि काच स्वतःच अदृश्य उष्णतेला अडवते, त्यामुळे ऊन आणि जमिनीची उष्णता यांची फारकत त्या प्रयोगात होणे शक्य नव्हते. ती १८५९ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडलने केली. त्याच्या पितळी नळीच्या दोन्ही तोंडांना काचेऐवजी सैंधवाच्या चकत्या होत्या. आपल्याकडे उपवासाच्या पदार्थांत पडते तेच हे सैंधव, पण घासूनपुसून पारदर्शक केलेले, कारण अदृश्य उष्णता त्यातून विनासायास पार होते. नळीत प्राणवायू किंवा नत्रवायू असेतो यंत्राचा काटा जवळजवळ जागचा हलेना. पाण्याची वाफ वा कर्बद्विप्राणिल येताच तो ढळे. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने या वायूच्या कमीअधिक प्रमाणाने तापमान किती चढेल-उतरेल याचे गणित केले, आणि त्याच्याच देशाच्या निल्स एकहोमने १९०१ मध्ये काचघराची उपमा योजली.

उपमा रुजली, पण १९०९ साली रॉबर्ट वुडने एक पेटी काचेने व दुसरी सैंधवाने झाकून पाहिली, तेव्हा दोन्ही जवळपास सारख्याच तापल्या. म्हणजे काचघर तापते ते मुख्यतः तापलेली हवा कोंडल्यामुळे. तळेगावकडे गुलाबांच्या पॉलिहाऊसचे बाजूचे पडदे दुपारी गुंडाळून वर केले की आतला उकाडा ओसरतो, तो याच कारणाने.

वातावरणाचा कारभार निराळा आहे. तेथे कर्बद्विप्राणिल आणि वाफ यांचे रेणू जमिनीची उष्णता शोषून कंप पावतात आणि ती पुन्हा सर्व दिशांना, अर्थात खालीही, टाकतात. म्हणूनच उणे १८ अंशांवर असावयाची पृथ्वी सरासरी १५ अंशांच्या आसपास नांदते. अशी थराथरातून हस्तांतरित होत उष्णता अखेर वरच्या विरळ थरातून अवकाशात निसटते. वायू वाढला की निसटण्याची ती जागा अधिक उंचावर, अधिक थंड हवेत सरकते. थंड थर कमी उष्णता बाहेर टाकतो, आणि येणारे ऊन मात्र तेवढेच राहिल्याने, जमेची व खर्चाची बाजू पुन्हा जुळेपर्यंत, खालची जमीन नि समुद्र तापत जातात.