आतल्या बाजूस रोखलेली तटबंदी : बर्लिनच्या भिंतीचा ऐतिहासिक अभ्यास (१९६१-१९८९)

प्रस्तावना

तटबंदी म्हटले की मराठी वाचकासमोर बुरूज, जंग्या आणि खंदक उभे राहतात. शत्रू बाहेर, रयत आत आणि तटाचे तोंड बाहेरच्या दिशेस, अशी दुर्गरचनेची रूढ रीत होय. १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिन शहरात जी तटबंदी उभारण्यास प्रारंभ झाला ती या रीतीस अपवाद ठरली. तीत खंदक होते, टेहळणी बुरूज होते, अहोरात्र पहाराही होता. परंतु या सर्वांचा रोख ती बांधणाऱ्या राज्याच्या स्वतःच्या नागरिकांकडे होता. पूर्व जर्मन शासनाने मात्र तिला अधिकृतपणे 'फॅसिझमविरोधी संरक्षक तट' असे नाव दिले होते. नाव आणि वस्तू यांतील ही विसंगती निव्वळ प्रचाराची बाब म्हणून सोडून देता येत नाही, कारण भिंतीवर गेलेल्या बळींची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तिच्याशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात भिंतीच्या रचनेलाच ऐतिहासिक साधन मानून तिच्या हेतूचा विचार केला आहे.

विभाजनाची पार्श्वभूमी

महायुद्ध संपण्यापूर्वीच, सप्टेंबर १९४४ च्या लंडन करारनाम्याने, पराभूत जर्मनीचे आणि तिच्या राजधानीचे विभाग ठरविले होते. पुढे अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांच्या ताब्यातील विभागांचे पश्चिम बर्लिन झाले. ते चोहोबाजूंनी सोव्हिएत प्रभावक्षेत्राने वेढलेले होते. जून १९४८ ते मे १९४९ या काळातील नाकेबंदी, तिला विमानवाहतुकीने दिलेले उत्तर आणि १९४९ मध्ये दोन जर्मन राज्यांची झालेली स्थापना हा इतिहास सुपरिचित आहे.

त्यामानाने दुर्लक्षित राहिलेली बाब म्हणजे १९५२ सालचा निर्णय. त्या वर्षीच्या मे महिन्यात पूर्व जर्मनीने दोन्ही राज्यांमधील लांबलचक सीमा बंद केली. बर्लिनमधील विभागसीमा मात्र खुली राहिली. पूर्व बर्लिनमध्ये रेल्वेचे तिकीट काढून काही मिनिटांत पश्चिमेस उतरता येत असे. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख लोकांनी पूर्व जर्मनी सोडली. हे राज्य जेमतेम पावणेदोन कोटी लोकसंख्येचे होते आणि जाणाऱ्यांत तरुण, डॉक्टर, अभियंते व कुशल कामगार यांचा मोठा भरणा होता. एकट्या जुलै १९६१ मध्ये तीस हजारांहून अधिक माणसे निघून गेली. तेव्हा भिंतीचे मूळ कारण लष्करी नव्हते. आपल्याच श्रमशक्तीस मुकणाऱ्या राज्याचा तो उपाय होता.

१५ जून १९६१ रोजी पत्रकार परिषदेत पक्षप्रमुख वॉल्टर उलब्रिख्त यांनी भिंत बांधण्याचा कोणाचाही इरादा नसल्याचे सांगितले. वस्तुतः प्रश्न विचारणाऱ्या पत्रकार महिलेने 'भिंत' हा शब्द वापरलाच नव्हता! त्यानंतर दोनच महिन्यांनी, सोव्हिएत संमती मिळताच, १२ ऑगस्टच्या शनिवारी मध्यरात्रीनंतर एरिक होनेकर यांच्या देखरेखीखाली काटेरी तारा ओढल्या गेल्या. काही दिवसांतच तारांच्या जागी सिमेंटचे ठोकळे आले.

पश्चिमी राष्ट्रांनी निषेध नोंदविला; पण अध्यक्ष केनेडी यांनी २५ जुलैच्या भाषणात जे हक्क आग्रहाने मांडले होते, ते पश्चिम बर्लिनपुरते होते आणि भिंतीने त्यांतील एकासही धक्का लावला नव्हता. ऑक्टोबर १९६१ मध्ये 'चेकपॉइंट चार्ली' येथे अमेरिकी व सोव्हिएत रणगाडे समोरासमोर उभे ठाकले, तेही भिंतीसाठी नव्हे. दोस्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनी पूर्व जर्मन पोलिसांना ओळखपत्र दाखवावे की नाही, हा तेथील वाद होता.

बर्नाउअर मार्ग

विभाजन म्हणजे प्रत्यक्षात काय, हे बर्नाउअर मार्गावर जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल. येथील एका बाजूची घरे पूर्व विभागात होती, तर त्यांच्या दारासमोरचा पदपथ पश्चिम विभागात. उंबरठा हीच सीमा होती. प्रथम दारे बंद झाली, मग खालच्या मजल्यांच्या खिडक्या विटांनी बुजविण्यात आल्या. लोक वरच्या मजल्यांवरून उड्या टाकू लागले आणि पश्चिम बर्लिनचे अग्निशामक दल खाली झेलजाळी धरून उभे राहू लागले. २२ ऑगस्ट रोजी इडा झीकमन ही ५८ वर्षांची महिला अशाच उडीत मरण पावली. भिंतीशी निगडित पहिला मृत्यू म्हणून त्याची नोंद आहे. दोन दिवसांनी ग्युंटर लिटफिन हा तरुण शिंपी पोहून जाताना गोळीबारात ठार झाला.

रहिवाशांना सक्तीने हलविण्यात आले, घरे पाडण्यात आली. मात्र त्यांच्या दर्शनी भिंती तेवढ्या कित्येक वर्षे सीमा म्हणून उभ्या ठेवल्या होत्या. दफनभूमीतील कबरीही हलवाव्या लागल्या. या मार्गावरील चर्च पहाऱ्याच्या पट्ट्यातच सापडले. 'समेट' असे नाव धारण करणारी ही वास्तू भाविकांना अगम्य होऊन दोन दशकांहून अधिक काळ तशीच उभी होती. जानेवारी १९८५ मध्ये ती सुरुंगाने उडविण्यात आली.

रचनेची साक्ष

पश्चिम बर्लिनभोवतीच्या तटबंदीची एकूण लांबी सुमारे १५५ किलोमीटर होती. त्यांपैकी ४३ किलोमीटर भाग दोन बर्लिनांच्या मधून जात होता. पश्चिमेकडून दिसणारी, चित्रांनी रंगलेली भिंत म्हणजे या तटबंदीचे शेवटचे अंग. पूर्वेकडून निघालेल्या माणसास प्रथम मागची भिंत लागे. त्यानंतर स्पर्श होताच इशारा देणारे कुंपण, टेहळणी बुरूज, दिव्यांची रांग, गस्तीचा रस्ता, दाताळ्याने सारखा केलेला वाळूचा पट्टा, वाहनरोधक खंदक आणि सर्वांत शेवटी ३.६ मीटर उंचीची सिमेंटची भिंत. १९८९ मध्ये बुरुजांची संख्या ३०२ होती.

वाळूवर पाऊल उमटे आणि कोणाच्या पहाऱ्यात माणूस निसटला ते कळे. म्हणजे वाळू पळणाऱ्यासाठी होती तशीच पहारेकऱ्यासाठीही होती. पहारेकऱ्यांच्या जोड्या वारंवार बदलीत, जेणेकरून दोघांत विश्वास निर्माण होऊ नये. १५ ऑगस्ट १९६१ रोजीच कोनराड शुमान या १९ वर्षांच्या जवानाने तारेवरून उडी घेऊन पश्चिम गाठली होती. शासनाने तो धडा घेतला असावा. खंदकाचा छेद तर अधिकच बोलका आहे. त्याची पूर्वेकडील बाजू उतरती, तर पश्चिमेकडील उभी. पश्चिमेकडून चाल करून येणाऱ्या रणगाड्यास तो अडविणार नव्हता. पूर्वेकडून येणारी मोटार मात्र त्यात हमखास अडकली असती.

या तटबंदीस छिद्रेही होती, पण ती शासनाच्या हिशेबाने ठेवलेली. पश्चिमेच्या दोन भुयारी रेल्वेमार्गांवरील गाड्या पूर्व बर्लिनच्या पोटातून, बंद केलेल्या अंधाऱ्या स्थानकांवर न थांबता जात आणि त्यासाठी पश्चिमेकडून मोबदला घेतला जाई. डिसेंबर १९६३ च्या परवाना करारान्वये पश्चिम बर्लिनकरांना नाताळात नातलगांना भेटता आले. त्या मोजक्या दिवसांत सुमारे बारा लाख भेटी झाल्या.

भिंत आणि न्यायासन

९ नोव्हेंबर १९८९ रोजी गुंटर शाबोव्स्की यांनी नवे प्रवासनियम तत्काळ लागू असल्याचे अनवधानाने जाहीर केले आणि त्याच रात्री बोर्नहोल्मर मार्गावरील नाके हाराल्ड येगर या अधिकाऱ्याने, वरिष्ठांचा स्पष्ट आदेश नसताना, खुले केले. तोवर किमान १४० माणसांनी भिंतीपायी प्राण गमावले होते. गोळीबाराचा शेवटचा बळी क्रिस गेफ्रॉय हा २० वर्षांचा तरुण. तो फेब्रुवारी १९८९ मध्ये मारला गेला.

एकीकरणानंतर खटले उभे राहिले. आरोपींचा बचाव असा की, १९८२ च्या सीमा कायद्याने शस्त्रवापरास मुभा दिली होती आणि त्या वेळी कायदेशीर असलेल्या कृत्यास मागाहून गुन्हा ठरविता येत नाही. हा युक्तिवाद क्षुल्लक नव्हता. तथापि पूर्व जर्मनीचे स्वतःचे कायदेही मनुष्यजीव शक्यतो वाचविण्याचे बंधन घालीत होते, आणि नि:शस्त्र माणसावर झाडलेल्या गोळीस संरक्षणाचे कारण लावणे कठीण होते. १९९७ मध्ये माजी राष्ट्रप्रमुख एगॉन क्रेंझ यांना साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. २२ मार्च २००१ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्यांचा व अन्य नेत्यांचा दावा एकमताने फेटाळला. १९७२ मध्ये पळणाऱ्यावर गोळी झाडणाऱ्या एका साध्या जवानाचा दावाही त्याच दिवशी फेटाळला गेला. मात्र या निकालात सतरापैकी तीन न्यायमूर्तींनी विरोधी मत दिले.