वसतिगृहाच्या भिंतीपलीकडील विद्यार्थी : पुणे विद्यापीठ परिक्षेत्रातील विद्यार्थी-आरोग्य व कल्याण सेवांचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

बारामती तालुक्यातील मोरगाव हे अष्टविनायकांपैकी श्रीमयूरेश्वराचे स्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. कऱ्हाकाठच्या या गावाची दुसरी ओळख तितकीशी सांगितली जात नाही. नीरा डाव्या कालव्याने बारामती तालुक्याचा दक्षिण भाग बागायती केला. मोरगाव-सुपे हा पट्टा मात्र जिरायत राहिला. ऊस पिकविणारा शेतकरी आणि पावसाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी असे दोन वर्ग एकाच तालुक्यात निर्माण झाले, आणि त्यांची मुले पुढे एकाच महाविद्यालयात एका बाकावर बसू लागली. १९६२ मध्ये बारामतीस तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले. तत्पूर्वी या भागातील मुलास पदवी घ्यावयाची तर गाव सोडून पुण्यासारखे शहर गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९६२ नंतर सकाळी गावातून निघून सायंकाळी गावी परतणारा एक नवा विद्यार्थी या परिसरात दिसू लागला.

विद्यार्थ्यांच्या आरोग्याची व कल्याणाची जबाबदारी विद्यापीठाने कधी, कोणत्या कारणाने व कोणामार्फत स्वीकारली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. हा मागोवा घेताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. या सेवेची कल्पना प्रथमपासून निवासी विद्यार्थी समोर ठेवून मांडली गेली. महाराष्ट्रातील महाविद्यालये मात्र उत्तरोत्तर ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांनी भरत गेली.

पदवीधरांचे अकाली मृत्यू

पश्चिम भारतात विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा प्रश्न प्रथम मृत्यूच्या रूपाने पुढे आला. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. तीस-पस्तीस वर्षांतच त्याच्या नामवंत पदवीधरांची पहिली फळी विरळ होऊ लागली. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारले. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य व कोशकार वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये वयाची पस्तिशी गाठण्यापूर्वीच गेले. विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ मध्ये पदावर असतानाच निधन पावले. त्यांचे वय त्रेचाळीस होते. आपट्यांच्या जागी प्राचार्य झालेले गोपाळ गणेश आगरकर यांनाही १८९५ मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, दम्याच्या विकाराने मृत्यू आला.

या पार्श्वभूमीवर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९४ मध्ये पदवीधरांतील वाढत्या मृत्युप्रमाणाच्या कारणांवर इंग्रजीत निबंध वाचला. विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक होते आणि विद्यार्थिदशेतच डोळ्यांच्या विकाराने त्यांना ग्रासले होते. हा विषय त्यांच्या दृष्टीने केवळ आकड्यांचा नव्हता. तरीही त्यांनी तो आकड्यांनीच मांडला. दख्खनमधील हिंदू पदवीधरांत अकाली मृत्यूचे प्रमाण पारशी पदवीधरांहून अधिक असल्याचे त्यांनी दाखविले आणि अभ्यास व परीक्षा यांच्या भाराकडे विद्यापीठाचे लक्ष वेधले. आपल्या परीक्षापद्धतीचा विद्यार्थ्याच्या शरीरावर काय परिणाम होतो, हे विद्यापीठाने तपासले पाहिजे, ही भूमिका त्या काळी नवी होती.

या गणनेची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. विद्यापीठापाशी यादी होती ती उत्तीर्ण झालेल्यांची. आजारपणाने वा उपासमारीने मध्येच शिक्षण सोडून गावी परतलेला मुलगा त्या यादीत येतच नव्हता. शिवाय चिपळूणकर-तेलंगांसारख्यांच्या मृत्यूचा सगळा दोष परीक्षांच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. त्या काळी तापाच्या साथी पदवी पाहून येत नव्हत्या.

व्यक्तिगत पातळीवर या प्रश्नाला मिळालेले सर्वांत प्रसिद्ध उत्तर रानड्यांच्या निबंधाच्या सुमारे दोन दशके आधीचे आहे. डेक्कन कॉलेजात दाखल झाल्यावर बाळ गंगाधर टिळक यांनी पहिले वर्ष व्यायाम व शरीरसंवर्धनासाठी खर्ची घातले आणि त्या वर्षीच्या परीक्षेतील अपयश पत्करले. ही कथा महाराष्ट्रात निर्धाराचा नमुना म्हणून सांगितली जाते. मात्र तिची दुसरी बाजू अशी की, शरीर सुधारण्यासाठी विद्यार्थ्यास वर्ष गमवावे लागले आणि संस्थेकडे त्यासाठी कोणतीही व्यवस्था नव्हती. वर्ष गमावणे ज्याच्या घरच्यांना परवडत नाही, त्याने काय करावयाचे?

तत्कालीन परदेशी अनुभव येथे उपयोगी पडतो. अमेरिकेतील ॲमहर्स्ट महाविद्यालयात विद्यार्थ्यांची प्रकृती ढासळत असल्याच्या चिंतेतून १८६१ मध्ये डॉ. एडवर्ड हिचकॉक (कनिष्ठ) यांची आरोग्यशास्त्र व शारीरिक शिक्षण या विषयांचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. विद्यार्थी-आरोग्य सेवेचा आरंभ सामान्यतः येथून मानला जातो. चिंता दोन्हीकडे सारखीच होती. ॲमहर्स्टने त्यासाठी एका वैद्यास अध्यापकवर्गात पूर्ण वेळेचे व पूर्ण मानाचे स्थान दिले. मुंबई विद्यापीठाचे स्वरूप परीक्षा घेणाऱ्या व महाविद्यालयांना संलग्नता देणाऱ्या संस्थेचे होते. त्याच्यापाशी विद्यार्थी राहतच नव्हते. मग वैद्य कोणासाठी नेमावयाचा, असा प्रश्न उरला.

अन्न आणि छप्पर

विद्यापीठाने मोकळी ठेवलेली जागा समाजाने भरून काढली, पण वेगळ्या मार्गाने. पुण्यात शिकावयास आलेला गरीब मुलगा वार लावून जेवे किंवा माधुकरी मागे. सात घरी सात वार, आणि एखाद्या घरी सुतक वा प्रवास निघाला की त्या वारी उपास. अंगावरचा एकमेव सदरा रात्री धुऊन सकाळी घालणारे विद्यार्थी आगरकर हे या वर्गाचेच प्रतिनिधी. वारांची ही पद्धत जातीच्या चौकटीत बसणारी होती. बहुजन समाजातील मुलास तीही उपलब्ध नव्हती.

म्हणून वसतिगृह हीच महाराष्ट्रातील पहिली विद्यार्थी-कल्याण सेवा ठरली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस उघडले. मुलांनी श्रम करावेत, स्वतःचे अन्न स्वतः मिळवावे व रांधावे, एका पंक्तीस बसावे, ही तेथील शिस्त. तीत आहार, व्यायाम व मनाचा आत्मविश्वास ही तिन्ही अंगे एकाच दिनक्रमात आली होती. आज ज्यास ‘सर्वांगीण स्वास्थ्य’ म्हटले जाते, ते तेथे वेगळे नाव न घेता चालू होते. स्वातंत्र्योत्तर काळात पुण्यातील विद्यार्थी सहायक समितीने (१९५५) हीच परंपरा ग्रामीण भागातून शहरात येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पुढे चालविली.

या संस्थांचे ऋण मोठे आहे. पण आपल्याकडे विद्यार्थी-कल्याण म्हणजे वसतिगृह हे समीकरण इतके घट्ट बसले, त्यास त्यांचे यशही कारणीभूत झाले.

विद्यापीठाचा प्रवेश

भारतीय विद्यापीठांत या प्रश्नाला संस्थात्मक रूप प्रथम कलकत्त्यात आले. तेथे १९२० मध्ये विद्यार्थी कल्याण योजनेखाली विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. महाराष्ट्राच्या दृष्टीने मात्र १९४९ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी १० फेब्रुवारी रोजी पुणे विद्यापीठाची स्थापना झाली व डॉ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. त्याच वर्षी डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने अहवाल सादर केला. प्रवेशाच्या वेळी व नंतर दरवर्षी विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी, रुग्णालयाची सोय, माफक दरात दुपारचे भोजन, विद्यार्थी कल्याणासाठी सल्लागार मंडळ अशा शिफारशी त्यात आहेत.

गणेशखिंडीचा विस्तीर्ण परिसर मिळालेल्या नव्या विद्यापीठास निवासी विद्यापीठ होण्याची संधी होती. पण त्याच वेळी त्याचे अधिकारक्षेत्र बारा जिल्ह्यांचे होते आणि १९४९-५० मध्ये त्यास अठरा महाविद्यालये संलग्न होती. परिसरातील विभाग निवासी व संलग्न महाविद्यालये विखुरलेली, असे द्विस्वरूप त्यास जन्मापासूनच लाभले. १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ व पुढे १९९० मध्ये जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ वेगळे झाल्यावर पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) व नाशिक हे जिल्हे त्याकडे उरले. क्षेत्र घटले, विद्यार्थी मात्र वाढत गेले. परिसरात आरोग्य केंद्र असले तरी तेथपर्यंत दुपारच्या दोन तासिकांच्या मध्ये जाऊन येणे बारामतीच्या वा मोरगावच्या विद्यार्थ्यास कसे शक्य व्हावे?

कोठारी आयोगाने (१९६४-६६) ही अडचण ओळखली होती, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. विद्यार्थी सेवा ही उपकारबुद्धीने करावयाची गोष्ट नसून शिक्षणाचाच भाग आहे, अशी भूमिका त्याने घेतली आणि वसतिगृहांबरोबरच दिवसभर बसून अभ्यास करता येईल व स्वस्तात जेवता येईल अशी दिवस-अभ्यास केंद्रे सुचविली. समुपदेशनाचाही विचार त्यात आहे. वसतिगृहात न राहणारा विद्यार्थी येथे प्रथमच नियोजनाचा विषय झाला. परंतु ग्रामीण महाविद्यालयाच्या विस्ताराचा क्रम पाहिला तर आधी वर्गखोल्या, मग प्रयोगशाळा, मग ग्रंथालय, त्यानंतर जमल्यास मुलींची खोली, असाच तो राहिला. दिवस-अभ्यास केंद्र या क्रमात कोठेतरी मागे पडले. १९७२ च्या दुष्काळात पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग होरपळला. ज्या घरात दुष्काळी कामावरील मजुरीतून चूल पेटत होती, त्या घरातील मुलाच्या दृष्टीने महाविद्यालयातील दुपारच्या जेवणाची शिफारस म्हणजे चैन नव्हती.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने महाविद्यालय व खेडे यांना जोडले. तिच्या शिबिरांतून विद्यार्थी गावोगाव आरोग्यविषयक कामे करू लागले. येथे एक चमत्कारिक स्थिती दिसते. विद्यार्थी गावाच्या आरोग्यासाठी राबत होता. स्वतः त्याच्या आरोग्याची नोंद ठेवणारे मात्र त्याच्या महाविद्यालयात कोणी नव्हते.

नेतृत्व कोणाकडे?

विद्यापीठ पातळीवरील विद्यार्थी कल्याण मंडळाचे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ अन्वये विद्यार्थी विकास मंडळ झाले. विद्यापीठाचे नावही २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे झाले होते. कमवा व शिका योजना, निर्भय कन्या अभियान असे उपक्रम या यंत्रणेमार्फत संलग्न महाविद्यालयांपर्यंत पोहोचले. यांपैकी कमवा व शिका योजनेचे मोल विशेष मानावे लागेल, कारण ती विद्यार्थी कोठे राहतो हे विचारत नाही. ‘कल्याण’ जाऊन ‘विकास’ आला, या शब्दबदलाकडे मात्र सावधपणे पाहावयास हवे. विकासाचा कार्यक्रम घेता येतो, त्याचा अहवाल व छायाचित्रे सादर करता येतात. ताप आलेल्या, रात्र रात्र झोप न लागणाऱ्या किंवा दुपारी न जेवलेल्या विद्यार्थ्याची विचारपूस कार्यक्रमात मोडत नाही.

या यंत्रणेचा खरा कणा म्हणजे महाविद्यालयातील तो अधिकारी. तो अध्यापक असतो. आपल्या विषयाच्या तासिका, परीक्षेची कामे व मूल्यांकनाची कागदपत्रे सांभाळून हा कार्यभार वाहतो. अनेक अध्यापकांनी तो मनापासून वाहिला आहे, आणि शुल्काअभावी वा आजारपणामुळे सुटू पाहणारे कित्येक विद्यार्थ्यांचे शिक्षण अशा अध्यापकांमुळेच टिकले, हे महाविद्यालयात वावरणाऱ्या कोणासही सांगावे लागणार नाही. पण ॲमहर्स्टने १८६१ मध्ये जे पद पूर्ण वेळेचे केले, ते येथे अतिरिक्तच राहिले. अध्यापकाची बदली झाली वा तो निवृत्त झाला की त्याच्या स्मरणातील विद्यार्थ्यांच्या अडचणींची नोंदवही त्याच्याबरोबरच जाते.

अलीकडच्या काळात या प्रश्नास पुन्हा मृत्यूनेच तोंड फोडले. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ पासून शारीरिक व मानसिक स्वास्थ्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्यानंतर जुलै २०२५ मधील निर्णयान्वये शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे बंधन घातले गेले. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी संधान बांधावयाचे आहे. रानड्यांच्या गणनेत पदवी मिळविलेलाच मोजला गेला होता. वसतिगृह-परंपरेत खोली मिळालेला मोजला गेला. या निर्णयात नाव नोंदविलेला प्रत्येक विद्यार्थी मोजावयाचा आहे, मग तो कोठेही राहो.

बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही दूरध्वनीवरील सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. म्हणजे तज्ज्ञ आता साठ-सत्तर किलोमीटर दूर राहिलेला नाही. तथापि महाविद्यालयांच्या वेळापत्रकात समुपदेशकाची वेळ बहुधा तासिका संपल्यानंतरची असते, आणि मोरगाव, सुपे वा इंदापूरच्या बाजूस जाणारे विद्यार्थी, विशेषतः विद्यार्थिनी, तोपर्यंत एस.टी.च्या थांब्याकडे निघालेल्या असतात.