डोलकाठीच्या टोकावरचा वारा

शिडाच्या बोटीवरचा वारा हल्ली मोबाईलवर वाचता येतो. डोलकाठीच्या टोकावर वाट्यांचं एक भिरभिरं आणि दिशा दाखवणारं पातं असतं. त्यांचे आकडे वायरीने काठीच्या पोटातून खाली येतात, एक लहानशी पेटी ते वायफायवर सोडते आणि केबिनमध्ये आडव्या झालेल्या माणसालाही कळतं, वर किती नॉट वारा आहे. ही यंत्रं ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात ती ‘एनएमईए ०१८३’ १९८३ सालची, आणि अजून चालते. सरकारी फॉर्म तरी इतके कुठे टिकतात!

आकडा मात्र जपून घ्यावा लागतो. बोट स्वतःच धावत असते. वारा पडलेला असतानाही स्कूटरवर तोंडाला वारा लागतो ना, तसंच. १५ नॉटांचा वारा पाठीशी घेऊन बोट ६ नॉटांनी निघाली, तर भिरभिरं ९ सांगेल. तीच बोट इंजिनावर वाऱ्यासमोर गेली, तर २१. खरा वारा काढायचा तर बोटीचा वेगही हिशेबात धरावा लागतो.

बोटीवरचा वारा दुसऱ्या ठिकाणी बसून वाचावा, ही हौस मात्र वायफायच्या कितीतरी आधीची. १५३८ साली दों जुआंव द काश्त्रो गोव्याहून दीवला गेले तेव्हा त्यांनी वाटेतली बंदरं, पाण्याची खोली, होकायंत्राचं विचलन सारं लिहून ठेवलं, मागून येणाऱ्या खलाशांसाठी. पुढे ते इथले गव्हर्नर झाले आणि १५४८ साली गोव्यातच वारले. वाऱ्याच्या जोराला अंक देण्याची पद्धत ब्यूफर्टने १८०५ साली बसवली. त्यामुळे दोन जहाजांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहता येऊ लागल्या. अमेरिकी नौदलाच्या मॉरीने अशा जुन्या नोंदवह्या चाळून १८४७ पासून वाऱ्यांचे नकाशे छापले. म्हणजे समुद्रावरचा वारा किनाऱ्यावर पोचत होताच, पण बारनिशीतल्या कागदासारखा, महिन्यांनी!

वायफायचा पल्लाही तसा बोटीपुरताच, फार तर धक्क्यापर्यंत. पुढे उपग्रह लागतो. दिवाडीच्या ॲक्वेरियस शिपयार्डात बांधलेली ‘तारिणी’ १० सप्टेंबर २०१७ रोजी सहा महिला नौदल अधिकाऱ्यांना घेऊन गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली आणि २१ मे २०१८ रोजी परतली. जाताना हवामानाच्या आणि लाटांच्या नोंदी भारतीय हवामान विभागाला अंदाजासाठी पाठवण्याचं कामही त्यांच्याकडे होतं. मॉरीच्या काळात जे महिन्यांनी व्हायचं, ते आपल्या दिवाडीची बोट चालता चालता करत होती. मला तर या प्रवासातली हीच गोष्ट मोठी वाटते, सत्कारांपेक्षाही!

आणि त्याच वर्षी दिवाडीचीच दुसरी बोट, ‘तुरीया’, या सगळ्याशिवाय निघाली. १ जुलै २०१८ रोजी फ्रान्सहून सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीचा नियमच तसा होता: १९६८ साली जी साधनं होती तेवढीच. जीपीएस नाही, इलेक्ट्रॉनिक वारामापकही नाही. सुकाणू सांभाळायला वाऱ्यावर चालणारं पातं, दिशेला सेक्स्टंट. कमांडर अभिलाष टॉमी एकटेच होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात बोट उलटीपालटी झाली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीला जबर मार बसला.

तिथे वारामापक असता तर? असता तर तो काठीबरोबरच समुद्रात गेला असता, कारण त्याची जागाच टोकावर. उपयोगी पडली ती आणीबाणीसाठी दिलेली, उपग्रहावरून मजकूर पाठवण्याची छोटी पेटी. तिच्यावरून त्यांनी आडवं पडूनच कळवलं की डोलकाठी गेली, पाठ दुखावली, उठता येत नाही. नौदलाच्या पी-८आय विमानाने बोट शोधली आणि २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलून घेतलं. ‘तुरीया’ तिथेच सोडून द्यावी लागली.