डुकरातील प्रतिकारपेशींचे वयपरत्वे बदल

पाळीव डुक्कर जन्मल्यापासून प्रौढ होईपर्यंत त्याच्या रक्तातील, लसीका ग्रंथींतील व आतड्यातील रोगप्रतिकारक पेशींचे प्रकार आणि परस्परप्रमाण बदलत जाते. माणूस व उंदीर यांच्यावरून बसवलेले ठोकताळे येथे पुष्कळदा चुकतात. टी-पेशींच्या बाबतीत हे विशेष जाणवते.

गर्भावस्था : गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा असतो. बी-पेशींची पूर्वरूपे प्रथम पीतक कोशात (सु. २० वा दिवस), मग यकृतात (सु. ३० वा दिवस) आणि ४५ व्या दिवसानंतर अस्थिमज्जेत आढळतात. यौवनलोपी ग्रंथीत (थायमस) गॅमा-डेल्टा टी-पेशी आधी, अल्फा-बीटा टी-पेशी नंतर तयार होतात. वयात आल्यावर ही ग्रंथी आक्रसते. तिचे मराठी नाव डुकरालाही चपखल बसते.

जन्म व चीक : डुकरिणीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोचत नाहीत. पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात आईची प्रतिपिंडे जवळजवळ नसतात. ती सारी चिकातून मिळतात, तीही पहिल्या २४ ते ३६ तासांतच. त्यानंतर आतडे अखंड प्रथिने शोषून घेणे थांबवते. चिकातून आईच्या लसीकापेशीही पिल्लाच्या रक्तात जातात, मात्र सख्ख्या आईच्याच. म्हणून पिल्लू दुसऱ्या डुकरिणीला लावायचे असेल, तर आधी स्वतःच्या आईचा चीक पोटात गेलेला बरा.

रक्तातील टी-पेशी : नवजात पिल्लाच्या रक्तात न्यूट्रोफिल जास्त असतात, पुढे लसीकापेशींचे पारडे जड होते. या लसीकापेशींत गॅमा-डेल्टा टी-पेशींचा वाटा लहान वयात फार मोठा असतो, काही जनावरांत तो निम्म्याच्या आसपास जातो. माणसात तो एरवी थोडाच असतो. वय वाढते तसा हा वाटा उतरतो.

दुसरा बदल अधिक बोलका आहे. १९८७ मध्ये आर्मिन झालम्युलर व सहकाऱ्यांनी दाखवले, की डुकराच्या रक्तातील बऱ्याच विश्रांत टी-पेशींवर सीडी४ आणि सीडी८ ही दोन्ही चिन्हे एकत्र असतात. अशा दुहेरी पेशी उंदरात व माणसात मुख्यतः यौवनलोपी ग्रंथीतच, तेही अपक्व अवस्थेत दिसतात. त्यामुळे या कच्च्याच बाहेर पडल्या असाव्यात, अशी शंका येणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात उलटे निघाले. नवजात पिल्लात त्या नगण्य असतात, वयाबरोबर वाढतात आणि जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या पिल्लांत फारशा तयार होत नाहीत. पूर्वी गाठ पडलेल्या विषाणूला प्रतिसाद देणाऱ्या स्मृतिपेशी त्यांत असल्याचे झुकरमन व हुसमन यांनी १९९६ मध्ये मांडले. या पेशींवरील सीडी८ अल्फा-अल्फा जोडीचे असते, मारक टी-पेशींवरील अल्फा-बीटा जोडीचे. केवळ अल्फा साखळी रंगवून केलेल्या मोजणीत मदतनीस, मारक, गॅमा-डेल्टा व नैसर्गिक मारक पेशी एकाच खात्यात पडतात; अशी जुनी कोष्टके जपूनच वापरावीत.

लसीका ग्रंथी : त्यांची रचना उलटी असते, बीजकेंद्रे आत, विरळ ऊती बाहेर. लसीकापेशी बहुतांशी थेट रक्तात परततात, त्यामुळे ग्रंथीतून बाहेर पडणाऱ्या लसीकेत त्या फार थोड्या सापडतात.

आतडे : जन्मतः आतड्याच्या अस्तरात प्रतिकारपेशी विरळच असतात. पहिल्या काही आठवड्यांत सीडी४ पेशी येतात. सीडी८ पेशी व आयजीए बनवणाऱ्या पेशी त्यांच्यामागून. प्रौढासारखी मांडणी व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे दूध तोडण्याचे किमान वय २८ दिवस आहे (काही अटींवर २१), म्हणजे ही मांडणी अर्धवट असतानाच पिल्लू आईपासून तुटते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील पेयर पट्टा बी-पेशींचे मूळ उत्पत्तिस्थान मानला जाई. तो काढल्यावरही बी-पेशी टिकतात असे प्रयोगांत दिसल्याने हे मत आता सर्वमान्य राहिलेले नाही.

नैसर्गिक मारक पेशी : जन्मतः अल्प, पुढे वाढतात.

लसीकरण : चिकातील प्रतिपिंडे आठवड्यागणिक घटतात. ती भरपूर असताना स्वाइन फीवरची जिवंत लस टोचल्यास लसीतील विषाणू निष्प्रभ होऊ शकतो. म्हणून पहिल्या मात्रेची वेळ आईचे लसीकरण झाले होते की नाही, हे पाहून ठरवतात.