ग्राफिक्स कार्डाची निवड

ग्राफिक्स कार्डाची निवड करताना मेमरी आणि क्लॉक स्पीड या दोन आकड्यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. ग्राफिक्स कार्ड हा संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या चित्राची आकडेमोड करणारा भाग होय. त्यावर ग्राफिक्स प्रोसेसर आणि त्या प्रोसेसरच्या वापरासाठी राखलेली स्वतंत्र मेमरी असे दोन मुख्य घटक असतात. मेमरी गिगाबाइटमध्ये मोजली जाते व एका वेळी किती सामग्री प्रोसेसरच्या हाताशी राहील, हे तिच्यावरून ठरते. क्लॉक स्पीड मेगाहर्ट्झमध्ये मोजला जातो व प्रोसेसरची एका सेकंदातील आवर्तने तो दर्शवतो.

या दोन आकड्यांचे स्वरूप मुळातच भिन्न आहे. मेमरी ही मर्यादा आहे, तर क्लॉक स्पीड हा वेगाच्या अनेक घटकांपैकी एक घटक आहे. मेमरी कामाला पुरेशी असेल, तर ती आणखी वाढवून काम जलद होत नाही. ती अपुरी असेल, तर अधिक क्लॉक स्पीडने ती उणीव भरून निघत नाही.

मेमरीचे कार्य

पडद्यावरील एक चित्र साठवण्यास फारच थोडी मेमरी लागते. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर प्रत्येक बिंदूसाठी ४ बाइट धरल्यास एका चित्रास सुमारे ८.३ मेगाबाइट लागतात. ३८४० × २१६० बिंदूंच्या, म्हणजे ४के पडद्यासाठी हाच आकडा सुमारे ३३ मेगाबाइट होतो. मेमरीचा मोठा हिस्सा व्यापतात ती टेक्स्चर, म्हणजे दृश्यातील वस्तूंच्या पृष्ठभागांवर चढवली जाणारी चित्रे. ४०९६ × ४०९६ बिंदूंचे एकच टेक्स्चर संक्षेपण न करता ठेवल्यास सुमारे ६७ मेगाबाइट व्यापते. संक्षेपणामुळे हा आकार बराच घटतो. तथापि आधुनिक खेळात अशी शेकडो टेक्स्चर एकाच वेळी लागतात. त्याखेरीज वस्तूंचे भौमितिक आराखडे, सावल्यांचे नकाशे व मधल्या टप्प्यांवरील चित्रेही तेथेच ठेवली जातात.

कार्डावरील मेमरी भरली की उरलेली सामग्री संगणकाच्या मुख्य मेमरीत ठेवावी लागते व ती पीसीआय एक्स्प्रेस या मार्गाने आणावी लागते. हा मार्ग कार्डावरील मेमरीच्या तुलनेत फार मंद असतो. उदाहरणार्थ, जीफोर्स आरटीएक्स ४०६० टीआय या कार्डावरील मेमरीतून सेकंदाला २८८ गिगाबाइट सामग्री वाहू शकते, तर त्याच्या आठ पदरी पीसीआय एक्स्प्रेस ४.० जोडणीतून एका दिशेने सेकंदाला सुमारे १६ गिगाबाइट, म्हणजे अठरावा हिस्साच, येऊ शकते. त्यामुळे चित्र मध्येच अडखळते. सरासरी फ्रेमदर चांगला दिसत असूनही खेळताना झटके जाणवतात, ते पुष्कळदा याच कारणाने. काही खेळ अशा वेळी टेक्स्चरचा दर्जा आपोआप उतरवतात; व्यावसायिक आज्ञावली काम अर्ध्यावर थांबवून मेमरी अपुरी असल्याचा संदेश देऊ शकतात.

मेमरीच्या चिप कार्डावर डाखलेल्या असतात. मुख्य मेमरीप्रमाणे ग्राहकाला त्यात नंतर भर घालता येत नाही. खरेदीच्या वेळी केलेली काटकसर म्हणूनच कार्डाच्या संपूर्ण आयुष्यभर सोबत राहते.

क्लॉक स्पीडचा अर्थ व मर्यादा

उत्पादक साधारणतः बेस आणि बूस्ट असे दोन क्लॉक स्पीड देतात. प्रत्यक्ष वेग कार्डाचे तापमान, मिळणारी वीज व कामाचे स्वरूप यांनुसार सतत बदलत असतो. कारखान्यातूनच वेग वाढवून विकल्या जाणाऱ्या कार्डांमध्ये ही वाढ बहुधा काही टक्क्यांचीच असते. ग्राहकालाही आज्ञावलीच्या साहाय्याने अशी थोडी वाढ स्वतः करता येते.

प्रोसेसरची एकूण कार्यशक्ती ही कोअरची संख्या, क्लॉक स्पीड आणि प्रत्येक आवर्तनात होणारे काम यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. यांपैकी तिसरा घटक प्रोसेसरच्या रचनेनुसार बदलतो. त्यामुळे दोन कार्डांच्या क्लॉक स्पीडची थेट तुलना ती एकाच पिढीची व समान कोअरसंख्येची असतील तरच अर्थपूर्ण ठरते.

बँडविड्थ

मेमरीच्या आकारमानाइतकीच तिच्यातून सामग्री वाहण्याची गती, म्हणजे बँडविड्थ, महत्त्वाची असते. मेमरी बसची रुंदी व प्रत्येक वाहिनीची गती यांचा गुणाकार करून त्यास ८ ने भागले असता ती गिगाबाइटमध्ये मिळते. १९२ बिट रुंदीची बस व १५ गिगाबिट गती असल्यास बँडविड्थ सेकंदाला ३६० गिगाबाइट येते.

या घटकाचे महत्त्व जुने आहे. १९९९ साली एनव्हिडियाने आणलेले जीफोर्स २५६ हे कार्ड दोन प्रकारच्या मेमरीसह विकले गेले. दोहोंत प्रोसेसरचा क्लॉक स्पीड १२० मेगाहर्ट्झच होता. तरी डीडीआर मेमरीचे कार्ड मोठ्या रिझोल्यूशनवर स्पष्टपणे सरस ठरले. जीफोर्स जीटी १०३० हे अलीकडचे उदाहरण आहे. २०१७ साली ते जीडीडीआर५ मेमरीसह आले. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीची आवृत्ती निघाली. दोन्ही कार्डांवर २ गिगाबाइट मेमरी होती. बूस्ट क्लॉक स्पीड १४६८ वरून १३७९ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांनी उतरला; बँडविड्थ मात्र ४८ वरून १६.८ गिगाबाइटवर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशावर आली. खेळांतील कामगिरी त्यामुळे फारच खालावली.

तुलनात्मक उदाहरणे

जीफोर्स आरटीएक्स ३०६० व आरटीएक्स ३०६० टीआय ही एकाच पिढीची कार्डे या विषयात विशेष बोधप्रद आहेत.

- आरटीएक्स ३०६० (२०२१): मेमरी १२ गिगाबाइट, बूस्ट १७७७ मेगाहर्ट्झ, कोअर ३५८४, बँडविड्थ ३६० गिगाबाइट
- आरटीएक्स ३०६० टीआय (२०२०): मेमरी ८ गिगाबाइट, बूस्ट १६६५ मेगाहर्ट्झ, कोअर ४८६४, बँडविड्थ ४४८ गिगाबाइट

मेमरी व क्लॉक स्पीड हे दोनच आकडे पाहिल्यास ३०६० श्रेष्ठ वाटते. वस्तुतः कोअर व क्लॉक स्पीड यांचा गुणाकार ३०६० टीआयमध्ये सुमारे २७ टक्क्यांनी व बँडविड्थ सुमारे २४ टक्क्यांनी अधिक आहे. म्हणून ८ गिगाबाइट पुरेसे असणाऱ्या बहुतेक खेळांत तेच कार्ड अधिक वेगवान ठरते. ८ गिगाबाइटच्या पलीकडे जाणाऱ्या कामात मात्र ३०६० ची बाजू वरचढ होते.

आरटीएक्स ४०६० टीआय हे कार्ड २०२३ साली ८ व १६ गिगाबाइट अशा दोन आवृत्त्यांत आले. कोअर, बूस्ट क्लॉक स्पीड व बँडविड्थ दोहोंत समान असून आरंभीच्या किमती अनुक्रमे ३९९ व ४९९ डॉलर होत्या. ८ गिगाबाइटमध्ये मावणाऱ्या खेळांत दोहोंची कामगिरी जवळपास सारखीच असते. त्या मर्यादेबाहेर अधिक मोजलेल्या १०० डॉलरचे मोल कळते.

नावांतील साम्य

कार्डाच्या नावापुढील मेमरीचा आकडा हाच एकमेव फरक असतो, असे नाही. २०१६ च्या जीटीएक्स १०६० कार्डाच्या ६ गिगाबाइट आवृत्तीत १२८० कोअर होते, तर ३ गिगाबाइट आवृत्तीत ११५२. सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या आरटीएक्स ४०८० च्या १६ व १२ गिगाबाइट आवृत्त्यांत अनुक्रमे ९७२८ व ७६८० कोअर होते. एकाच नावाखाली इतका फरक ठेवल्याबद्दल टीका झाल्यावर एनव्हिडियाने १२ गिगाबाइटचे कार्ड मागे घेतले व जानेवारी २०२३ मध्ये ते आरटीएक्स ४०७० टीआय या नावाने बाजारात आणले. लॅपटॉपमधील कार्डे तर नाव तेच असूनही वेगळी असतात. लॅपटॉपच्या आरटीएक्स ३०६० मध्ये १२ ऐवजी ६ गिगाबाइट मेमरी असते.

कामानुसार प्राधान्य

कार्यालयीन काम, आंतरजाल व चित्रपट पाहणे यांसाठी मुख्य प्रोसेसरमध्ये अंतर्भूत असलेले ग्राफिक्स सहसा पुरते. खेळांसाठी पडद्याचे रिझोल्यूशन व टेक्स्चरचा अपेक्षित दर्जा यांवरून आवश्यक मेमरी ठरते. ॲनिमेशनच्या मोठ्या दृश्यांसाठी संपूर्ण दृश्य मेमरीत मावणे इष्ट असते. भाषिक प्रारूपे स्वतःच्या संगणकावर चालवण्यासाठी मेमरी निर्णायक ठरते. ७०० कोटी प्राचलांच्या प्रारूपास प्रत्येकी २ बाइट धरल्यास १४ गिगाबाइट, तर १ बाइट धरल्यास ७ गिगाबाइट लागतात. दुसऱ्या स्थितीत ८ गिगाबाइटच्या कार्डावर इतर सामग्रीस जेमतेम जागा उरते. १२ गिगाबाइटच्या कार्डावर ते सहज चालते.

यावरून निवडीचा साधारण क्रम असा ठरतो: प्रथम कामाला लागणारी मेमरी निश्चित करणे, त्यानंतर ती अट पूर्ण करणाऱ्या कार्डांची कोअरसंख्या व बँडविड्थ पाहणे आणि क्लॉक स्पीडची तुलना सर्वांत शेवटी, एकाच कार्डाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांमध्ये करणे. ज्या कामासाठी कार्ड घ्यायचे, त्याच कामात त्याची प्रत्यक्ष चाचणी कोणी केली असल्यास तिचे निष्कर्ष या सर्व आकड्यांहून अधिक विश्वसनीय असतात. वीजपुरवठा घटकाची क्षमता, पेटीतील जागा व मुख्य प्रोसेसरचा वेग यांच्याही मर्यादा कार्डाला पडतात.