कोलंबसचं विटांचं चर्च

पुण्यात, त्यातही कोथरूड-कर्वेनगरच्या बाजूला, "तो कोलंबसला गेलाय" हे वाक्य आता कुणाला नवीन नाही. १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स पुण्यात आली, आणि इंडियाना राज्यातल्या या छोट्या गावाशी आपलं नातं जुळलं. गावाची वस्ती सुमारे पन्नास हजार, चहूकडे मक्याची शेतं. नातेवाईक हमखास विचारतात, "तिथे डिझेल इंजिनांशिवाय बघण्यासारखं आहे तरी काय?" माझं उत्तर ठरलेलं आहे: पाचव्या रस्त्यावरचं फर्स्ट ख्रिश्चन चर्च.

पहिल्यांदा बघणाऱ्याला हे चर्च वाटतच नाही. फिकट पिवळसर विटांची एक लांबट, चौकोनी इमारत, सपाट छप्पर. दर्शनी भिंतीवर दगडी चौकोनांची जाळी आणि तिच्यात एक साधा क्रॉस, तोही मध्यावर नाही. शेजारी विटांचाच १६६ फूट उंच मनोरा. ना टोकदार कमानी, ना रंगीत काचांची चित्रं, ना पुतळे. एखादी शाळा किंवा गिरणी म्हणून सहज खपून जाईल!

हे असं का, याची गोष्ट मला इमारतीइतकीच आवडते. १९३०च्या दशकाच्या अखेरीस इथल्या मंडळींना नवीन चर्च हवं होतं. पैसा मुख्यतः अर्विन-स्वीनी-मिलर या घराण्याचा. याच घराण्यातल्या डब्ल्यू. जी. अर्विन नावाच्या सावकाराने आपला मोटारचालक क्लेसी कमिन्स याच्या इंजिनवेडाला भांडवल पुरवलं आणि १९१९ साली कमिन्स कंपनी उभी राहिली. अशा घराने मनात आणलं असतं तर संगमरवराचं राजेशाही चर्च बांधलं असतं. त्यांनी गाठलं ते एलिएल सारिनेन या फिनलंडच्या वास्तुविशारदाला. हेलसिंकीचं रेल्वे स्टेशन त्याचंच. १९२३ साली तो अमेरिकेत आला आणि मिशिगनमध्ये क्रॅनब्रुक इथे स्थायिक झाला. त्याचे वडील लुथरन पाद्री, पण चर्च बांधायला म्हणे तो सुरुवातीला फारसा राजी नव्हता.

घरातल्या नेटी स्वीनी मिलर या बाईंनी चर्चच्या वतीने आपलं म्हणणं त्याला कळवलं. त्याचा मथितार्थ असा: इमारत सुंदर हवी, पण ती बघून "केवढ्याला पडली?" हा पहिला प्रश्न कुणाच्या मनात येऊ नये, गावातल्या सगळ्यात गरीब बाईलाही आत आल्यावर परकं वाटू नये.

वास्तुविशारदाला गिऱ्हाईक सांगतं ते किती खोल्या, किती खर्च, किती दिवस. इथे अट घातली ती एका गरीब बाईच्या मनःस्थितीची. सारिनेनने ती वीट वापरून पाळली असं मला वाटतं. वीट हाताच्या मापाची. ती कुठून आली, कशी रचली, हे कुणालाही कळतं. १९४२ साली चर्च पूर्ण झालं. एलिएलचा मुलगा इरो आणि चार्ल्स इम्स हे तेव्हाचे तरुणही त्या कामात होते, आणि आतला पर्वतावरील प्रवचनाचा मोठा विणलेला पडदा एलिएलची पत्नी लोया हिच्या विणकामशाळेत तयार झाला.

आई इथे आली होती तेव्हा तिला मुद्दाम नेलं. दारात तिचा पहिला प्रश्न, "चपला काढायच्या ना?" नको म्हटल्यावर ती जराशी नाराजीनेच आत आली. मग बराच वेळ मागच्या बाकावर बसून राहिली. उठताना म्हणाली, "क्रॉस एका बाजूला का रे?" मला नीट उत्तर देता आलं नाही. तीच म्हणाली, "बरंय, समोर उभं राहायची भीती नाही वाटत." वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत या असमतोल मांडणीवर बरंच लिहिलेलं आहे, पण नेटीबाईंना हे उत्तर जास्त आवडलं असतं.

पुढची गोष्ट गावाची आहे. नेटीबाईंचा मुलगा जे. अर्विन मिलर आणि इरो यांची मैत्री याच कामातून जमली. मिलर पुढे कमिन्सचा प्रमुख झाला, आणि १९५०च्या दशकात कंपनीच्या प्रतिष्ठानाने योजना काढली: गावाने सार्वजनिक इमारतीसाठी त्यांच्या यादीतला वास्तुविशारद निवडला, तर त्याची फी प्रतिष्ठान देणार. पहिली इमारत १९५७ची, एक प्राथमिक शाळा. मग आणखी शाळा, अग्निशमन केंद्रं... चर्चसमोरचं आय. एम. पेईचं १९६९चं वाचनालय तर बघाच.

पण मोठ्या नावाने विटा टिकत नाहीत. २००१ साली या चर्चला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, तरी पुढे मनोऱ्याच्या वरच्या भागाची पडझड व्हायची ती झालीच. रविवारी येणाऱ्या मंडळींच्या खिशाला दुरुस्ती झेपणारी नव्हती. अखेर गावाने, संस्थांनी आणि सरकारने मिळून तीस लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी केली आणि २०२२ साली काम पुरं झालं. त्याच वर्षी गावाच्या उत्तरेला इरोने बांधलेल्या १९६४च्या नॉर्थ ख्रिश्चन चर्चची मंडळी मात्र विसर्जित झाली. इमारत जगप्रसिद्ध, पण बाकांवर माणसं उरली नाहीत.

आपल्याकडचे वाडे आठवतात. फोटो काढायला सगळे येतात, पावसाळ्यापूर्वी कौलं शाकारायला कोण येणार? थोरल्या चर्चला निदान अजून रविवारची माणसं आहेत.

असो. कोलंबसला येणार असाल तर इंडियानापोलिसहून गाडीने तासाभराचा रस्ता आहे. मनोऱ्याचा फोटो जरूर काढा, पण थोडा वेळ मागच्या बाकावरही बसा.