डाळिंबाच्या सालीपर्यंत पोचलेले कलम

बंदी घातलेले विष आयात मालातून आत येऊ नये म्हणून देश काय करतात, हे एका वाक्यात वाचायचे तर युरोपीय संघाच्या ३९६/२००५ या नियमाचे कलम १८ घ्यावे. त्यातल्या कीटकनाशकांच्या उरलेल्या अंशांच्या मर्यादा १ सप्टेंबर २००८ पासून लागू आहेत. राहाता-संगमनेरचा डाळिंब बागायतदार हे कलम न वाचताच पाळतो किंवा मोडतो. खाली त्याची पदे एकेक घेतली आहेत; त्यांचे मराठी रूप माझे.

‘यादीतील उत्पादनांत’
यादी फळाचे नाव सांगते, तसेच त्याचा कोणता भाग तपासायचा तेही. आपण दाणे खातो आणि साल टाकतो. प्रयोगशाळा मात्र फळ सालीसकट दळते. ‘खाणार तर दाणेच’ हा बचाव इथेच संपतो.

‘विक्रीस आणल्यापासून’
युरोपच्या अन्न कायद्यात विकण्यासाठी माल जवळ बाळगणे हेही ‘विक्रीस आणणे’च. शीतगृहातली पेटीसुद्धा त्यात आली. तेव्हा शेवटची फवारणी आणि तोडणी यांतले दिवस बागेतच मोजावे लागतात.

‘ठरलेल्या मर्यादेहून अधिक अंश नसावा’
या पदाचा फटका २०१० साली महाराष्ट्राच्या द्राक्षांनी खाल्ला. छाटणीनंतर वेलीची वाढ रोखून घड धरण्यासाठी वापरले जाणारे क्लोरमेक्वाट, बागायतदारांचे ‘सीसीसी’, युरोपात मालात सापडले. आपल्याकडच्या निर्यातपूर्व चाचणीच्या यादीत ते नव्हतेच. निर्यातीच्या द्राक्षांची नोंद ठेवणाऱ्या ‘ग्रेपनेट’ या संगणकीय प्रणालीवर बागेची नोंद होती, अहवालही होता. पण जे तपासलेच नाही त्याविषयी अहवाल काय बोलणार? पुढे ते यादीत आले.

‘मर्यादा ठरलेली नसेल तेथे ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो’
कलमाचा प्राण या पदात आहे. एरवी कायदा गप्प असला की मोकळीक समजतात. इथे गप्प राहणे म्हणजे जवळपास बंदीच. हे प्रमाण दहा कोटी भागांत एक भाग एवढे. १३ टन फळांत मिळून १३० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या तापाच्या गोळीचा जेमतेम चतकोर. आता आपल्या बागेत या. खोडकिडीसाठी डाळिंबाच्या खोडाला गेरूत क्लोरपायरीफॉस कालवून लेप देतात. युरोपने १३ नोव्हेंबर २०२० पासून त्याचीही मर्यादा ०.०१ वर आणली. तोच पंप, तीच बादली न धुता फवारणीला घेतली, तर खोडाचे औषध फळावर जायला वेळ लागत नाही.

उपसंहार
मर्यादा न ठरलेल्या कीटकनाशकांना फळांच्या बाबतीत ०.०१ हाच आकडा भारताच्या अन्नसुरक्षा नियमांतही आहे. तरी बाजार समितीच्या लिलावात भाव ठरतो तो रंग आणि आकार पाहून. अंशाचा अहवाल कोणी मागत नाही. शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत. फरक आहे तो विचारणाऱ्याचा, आणि आपल्या बाजारात तो विचारणारा गिऱ्हाइकानेच व्हायला हवे.